पेरेंटिंग कोच व्हायचंय? मग या चुका टाळा

नोकरी सोडलेली, मूल शाळेत जायला लागलेलं, हातात मानसशास्त्राची नाहीतर बी.एड.ची पदवी, आणि सोसायटीतल्या चारजणी म्हणतायत, "तू किती छान समजावतेस गं!" मुंबईत पेरेंटिंग कोच, म्हणजे मूल वाढवताना अडलेल्या पालकांशी बोलून त्यांना वाट शोधायला मदत करणारी, व्हायचा विचार बहुतेकींच्या डोक्यात असाच येतो. विचार चांगला आहे. काम समाधान देणारं आहे आणि घरून करता येतं. तरी सुरुवातीच्या उत्साहानंतर अनेकजणी गाडा ओढून दमतात. दोष मार्केटिंगला दिला जातो, पण माझ्या मते गडबड बहुतेक वेळा कामाच्या समजुतीतच असते.

उत्तर द्यायची घाई

सगळ्यात महागात पडणारी चूक ही.

समजा, एक आई व्हिडिओ कॉलवर आली. म्हणते, "मुलगा दुसरीत आहे. रोज रात्री अभ्यासावरून रडारड. ऐकतच नाही." नवी कोच लगेच सुरू होते: टाइमटेबल करा, भिंतीवर लावा, अभ्यास झाला की स्टार द्या, दहा स्टार झाले की बक्षीस. आई मान डोलावते, फी भरते आणि पुन्हा फिरकत नाही. फिरकेल कशाला? हे सगळं तिला रील्समध्ये फुकट मिळालं होतं आणि करूनही झालं होतं.

त्याऐवजी एवढंच विचारा: "काल रात्री काय झालं ते सांगाल? तुम्ही दारात चपला काढल्यात तिथपासून." मग हळूहळू बाहेर येतं. ती साडेआठला डोंबिवलीला उतरते, घरी पोचेपर्यंत पावणेनऊ. दुपारपासून मुलगा आजीकडे. अभ्यासाचा विषय निघाला की आजी म्हणते, "आई आली की कर." आई आली की तिचं पहिलं वाक्य, "डायरी दाखव." सांगता सांगता ती स्वतःच थांबते. "म्हणजे आल्यापासून झोपेपर्यंत मी त्याच्याशी अभ्यासाशिवाय काही बोलतच नाही की!"

हे वाक्य तुम्ही म्हणाला असतात तर तो टोमणा झाला असता. तिच्या तोंडून आलं, म्हणून ती त्यावर काही करेल. पुढचा प्रश्न: "या आठवड्यात यातलं काय बदलून बघाल?" ती म्हणेल, आल्यावर पहिली पंधरा मिनिटं डायरी नाही. किंवा वाचन दुपारी आजीजवळ. काहीही ठरो, ते तिचं असावं, आणि पुढच्या सेशनची सुरुवात त्यावरच व्हावी. प्रश्न विचारून झाल्यावर गप्प बसता येणं ही या धंद्यातली सगळ्यात अवघड गोष्ट आहे. शिक्षकी पेशातून आलेल्यांना तर फारच.

याला लागूनच एक: परदेशी सल्ले जसेच्या तसे पुढे ढकलू नका. "चिडला की त्याला त्याच्या खोलीत शांत होऊ द्या." लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत त्याची खोली कुठली? तिथे आई, बाबा, आजी, काका आणि फ्रिज असतो.

मुलालाच समोर बसवणं

"जरा तुम्हीच त्याला समजवा ना, तुमचं ऐकेल," असा आग्रह होतो. बळी पडू नका. तुमचा क्लायंट पालक आहे. मुलाशी बोलायला बसलात की तुम्ही समुपदेशक होता, आणि त्याचं शिक्षण वेगळं असतं.

सेशन होतात, घरात फरक पडत नाही

असं झालं की आधी बघा, घरात निर्णय घेतं कोण? मुंबईत पाळणाघर परवडत नाही किंवा पटत नाही, म्हणून असंख्य घरं आजी-आजोबांच्या जिवावर चालतात. "सासूबाईच लाडावून ठेवतात," असं ऐकल्यावर तुम्ही सहानुभूतीने मान डोलावलीत, की एका माणसाला शत्रू ठरवून मोकळ्या झालात. संध्याकाळी सहाला पोराला वरणभात भरवणारी तीच आहे. तिच्याशिवाय कुठलाही बदल दोन दिवस टिकणार नाही. आजींचा कोणता नियम मुलगा निमूट पाळतो, हे विचारून बघा. हमखास काहीतरी सापडतं, आणि सुनेलाही ते पहिल्यांदाच दिसतं.

वडिलांसाठी निदान एक सेशन त्यांच्या सोयीने ठेवा. लोकलमध्ये इयरफोन लावून हजेरी लावणं चालवून घेऊ नका.

आपली हद्द न ओळखणं

इथे चूक झाली तर नुकसान मुलाचं होतं, म्हणून थोडं सविस्तर.

बोलणारं मूल बोलायचं थांबलं, शिकलेल्या गोष्टी विसरायला लागलं, हाक मारल्यावर बघत नाही, अशा वेळी कोचिंग बाजूला ठेवून आधी बालरोगतज्ज्ञ. मोठं मूल जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा करत असेल तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबरही पालकांच्या हातात द्या. आणखी एक प्रकार नेहमी निसटतो: "हुशार आहे पण आळशी, तोंडी सगळं येतं, लिहायला नको." यात अध्ययन अक्षमता, म्हणजे लर्निंग डिसॅबिलिटी, असू शकते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे. दहावीला सवलती मिळवण्यासाठी जे प्रमाणपत्र लागतं, त्यासाठी मुंबईतले पालक सायन, नायर, केईएम अशा रुग्णालयांत जातात आणि तिथे वेळ लागतो. तुम्ही सहा महिने "सवयी लावण्यात" घालवलेत तर त्या मुलाचं वर्ष जातं.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची, म्हणजे आरसीआयची नोंदणी लागते. तुमच्याकडे ती नसेल तर "थेरपी", "उपचार", "निदान" हे शब्द जाहिरातीत वापरू नका. सुरुवातीलाच दोन-तीन विश्वासू तज्ज्ञांशी ओळख करून ठेवा. वेळ आली की नाव शोधत बसण्यात अर्थ नाही.

आणि "आपल्यातलं बोलणं आपल्यातच राहील" हे वचन सरसकट देऊ नका. बोलता बोलता मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती पुढे आली, तर २०१२च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पहिल्या सेशनआधी जो करार पाठवाल, त्यात हा अपवाद स्वच्छ शब्दांत लिहा. मुलांसाठीचा १०९८ हा हेल्पलाइन नंबर पाठ हवा.

दोन दिवसांचं सर्टिफिकेट

पेरेंटिंग कोच व्हायला भारतात सरकारी परवाना लागत नाही. त्यामुळे वीकेंडला "सर्टिफाइड" करून देणाऱ्यांचं पेव फुटलंय. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनची अगदी पहिल्या पायरीची, एसीसी नावाची पात्रता घ्यायची तरी ६० तासांचं प्रशिक्षण आणि १०० तासांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो. यावरून दोन दिवसांची किंमत ठरवा. शिवाय त्या पात्रतेत बालविकास शिकवत नाहीत. तो वेगळा शिकावा लागतो: जुहूच्या एसएनडीटीत किंवा न्यू मरीन लाइन्सच्या निर्मला निकेतन कॉलेजमध्ये मानव विकास हा विषय आहे, घरून करायचं असेल तर इग्नूचा बालशिक्षणाचा डिप्लोमा आहे. तीन वर्षांचं मूल खोटं का बोलतं आणि दहा वर्षांचं का बोलतं, यातला फरक सांगता येत नसेल तर भिंतीवरच्या फ्रेमचा काय उपयोग?

"माझ्या वेळेनुसार काम"

नोकरी करणारे पालक मोकळे कधी असतात? रात्री साडेनऊनंतर आणि शनिवार-रविवारी. तुमची मुलं घरी कधी असतात? त्याच वेळी. दुसऱ्यांच्या घरातली संध्याकाळ नीट करताना स्वतःची जाते, ही तक्रार मग आपोआप येते.

उपाय क्लायंट निवडण्यात आहे. घरी असलेल्या आयांना स्कूलबस गेल्यावर, म्हणजे साडेनऊ ते बारा, वेळ असतो. न्यू जर्सीतल्या मराठी पालकांना उन्हाळ्यात त्यांच्या रात्री साडेनऊला बोलायचं असेल तर आपल्याकडे सकाळचे सात वाजलेले असतात. सिंगापूरच्या रात्री आठला इथे साडेपाच. आठवड्यातल्या किती संध्याकाळी कामाला देणार ते आधी लिहून काढा, मग स्लॉट उघडा. आणि रात्री अकराला येणाऱ्या "ताई, आत्ता परत तेच झालं"ला लगेच उत्तर देऊ नका. एकदा दिलंत की रोज द्यावं लागतं.

आतल्या गोष्टी बाहेर

वन बीएचकेमध्ये हेडफोन लावले की क्लायंटचा आवाज लपतो, तुमचा नाही. "म्हणजे मिस्टरांनी हात उगारला का?" हे स्वयंपाकघरात ऐकू जातं. घरात माणसं नसतील अशी वेळ ठरवा किंवा तासावर खोली घ्या. आपल्याच विंगमधले, आपल्या मुलाच्या वर्गातले पालक क्लायंट म्हणून घेऊ नका. पीटीएच्या मीटिंगला शेजारी बसायचं असतं.

प्रसिद्धीसाठी स्वतःच्या मुलाचा आकांडतांडव रीलमध्ये टाकणं मला तरी पटत नाही. क्लायंटच्या मुलाचा किस्सा नाव बदलूनही सांगू नका. शाळा, इयत्ता आणि "जुळी आहेत" एवढ्यावर दादरमध्ये माणूस ओळखता येतो.

पैशाचं

"२१ दिवसांत हट्टीपणा बंद" अशी हमी देऊ नका. तासाभराच्या सेशनमागे नोंदी, तयारी आणि फोन मिळून आणखी अर्धा तास जातो, फी ठरवताना तो धरा. ओळखीत फुकट करायचं असेल तर खुशाल करा, पण किती सेशन ते आधी सांगा. महाराष्ट्रात स्वतंत्र व्यावसायिकाला व्यवसाय कराची नोंदणी लागते, वर्षाला २,५०० रुपये. हे बऱ्याचजणींना नोटीस आल्यावर कळतं. जीएसटीची नोंदणी वार्षिक उलाढाल २० लाखांवर गेली की, आणि मग फीवर १८ टक्के.

रद्द केलेल्या सेशनचा नियम पहिल्याच दिवशी लेखी द्या: २४ तास आधी कळवलं तर तारीख बदलून, नाहीतर फी पूर्ण. जुलैत रुळांवर पाणी भरून लोकल बंद पडली तर मात्र सूट, आणि तसं त्या नियमातच लिहा.