जॉर्डनची तयारी: पेट्रा, वादी रम आणि मृत समुद्र

पॅकेज कितीही महागाचं घ्या, पेट्रा या खडकात कोरलेल्या प्राचीन शहरात पायपीट आपल्यालाच करावी लागते. म्हणून तयारी बुटांपासून सुरू करा. व्हिजिटर सेंटरपासून अल-खझ्ना या प्रसिद्ध वास्तूच्या कोरीव दर्शनी भिंतीपर्यंत साधारण दोन किलोमीटर, त्यातले 1.2 किलोमीटर सीक नावाच्या अरुंद घळीतून. इथवर इलेक्ट्रिक गाडी मिळते, पण अद-दैर या डोंगरावरच्या वास्तूकडे जायचं तर 800हून जास्त पायऱ्या. त्या वालुकाश्मात कोरलेल्या, झिजून गुळगुळीत झालेल्या, आणि वर बारीक रेतीचा थर. सपाट तळाचा बूट इथे घसरतो. तळाला खोल खाचा हव्यात. नवे बूट घेतलेच असतील तर निघण्याआधी तीन आठवडे ते घालून रोज तासभर चाला, तेही जिना चढत-उतरत. चढताना दम लागतो, पण खरा त्रास उतरताना गुडघ्यांना होतो, तेव्हा घडीची काठी सोबत असू द्या. तिकिटात घोड्याची फेरी 'मोफत' असते, ती सीकच्या तोंडापर्यंतच, आणि बक्षिसी वेगळी मागतात.

पायाला फोड येऊ न देणं याला दुसरंही कारण आहे. मृत समुद्र बहुतेक सहलींत शेवटी येतो आणि त्याचं पाणी साध्या समुद्राच्या जवळजवळ दहापट खारट. फुटलेला फोड, वाळूत खरचटलेलं ढोपर, सकाळी केलेली दाढी, सगळं झोंबतं. दोन दिवस आधीपासून दाढी-वॅक्सिंग बंद. चांदीचे दागिने काळे पडतात, खोलीत ठेवा. पाण्यात पाठीवरच तरंगा, पालथे होऊ नका. डोळ्यांत गेलं तर चोळू नका. काठावर साध्या पाण्याची बाटली ठेवा. दहा-पंधरा मिनिटं पुरे. मिठाचे खडे धारदार असतात, रबरी चप्पल घालूनच उतरा.

कागदपत्रांत जॉर्डन पास, म्हणजे पेट्रासकट अनेक स्थळांचं एकत्र तिकीट, महत्त्वाचा. पेट्राच्या एक, दोन की तीन दिवसांप्रमाणे तो 70, 75 किंवा 80 दिनारला पडतो. मधला घ्यावा, एका दिवसात पेट्रा उरकायचं म्हणजे अद-दैर सोडणं. पास देशात उतरण्यापूर्वी घेतलेला हवा आणि मुक्काम किमान तीन रात्रींचा, तरच 40 दिनारची व्हिसा फी माफ होते. भारतीय पासपोर्टसाठीचे व्हिसाचे नियम तिकीट काढण्याआधी तपासा. रात्रीच्या दिव्यांतलं पेट्रा मात्र पासमध्ये नाही. हाताशी एक आणि पाच दिनारच्या नोटा ठेवा, मोठ्या नोटेचे सुटे मिळत नाहीत. ड्रोन घरीच ठेवा. परवानगीशिवाय नेलात तर विमानतळावरच काढून घेतात.

आता खाऊचा डबा. मुंबई-पुण्याहून जाताना दुबईत एखादी रात्र थांबणार असाल, तर खसखस लावलेले अनारसे आणि खसखस घातलेला मसाला बॅगेतून काढा. तिथे खसखस बंदी घातलेल्या पदार्थांत मोडते. कोडीन असलेलं खोकल्याचं औषधही आधी परवानगी काढल्याशिवाय नेता येत नाही. बाकी औषधं मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह.

शाकाहारी मंडळींनी वादी रम या वाळवंटातल्या जेवणाची चौकशी बुकिंगच्या वेळीच करावी. झर्ब म्हणजे वाळूत पुरलेल्या निखाऱ्यांवर शिजणारं जेवण. एकाच खड्ड्यात एकावर एक जाळ्या, त्यांवर मांस, कोंबडी आणि बटाटे-गाजरं. मांसाची चरबी खालच्या भाज्यांवर ठिबकते. 'भाज्या आहेत' हे उत्तर म्हणून पुरेसं नाही. वेगळ्या भांड्यात, वेगळ्या चुलीवर शिजवणार का, असं विचारा. द्राक्षाच्या पानांच्या गुंडाळ्यांतही खिमा असू शकतो. हमस (वाटलेले छोले), फलाफल (छोल्यांचे वडे), मुतब्बल (वांग्याचं भरीत) बिनधास्त खा.

वादी रममध्ये पारदर्शक घुमटाच्या तंबूचे पैसे चांदण्यासाठी मोजता, तर कालनिर्णय उघडून अमावास्येच्या आसपासची तारीख धरा. पौर्णिमेला तारे फिके पडतात. उन्हाळ्यात तोच घुमट दिवसभर तापतो, म्हणून मार्च-मे किंवा सप्टेंबर-नोव्हेंबर बरे. जानेवारीत रात्री तापमान शून्याजवळ जातं, त्यासाठी थर्मल आणि लोकरी टोपी. दिवसा खांदे-गुडघे झाकणारे सैल सुती कपडे. मदाबाच्या चर्चमध्ये आणि नेबो पर्वतावरही तेच चालतात. पंचा मात्र दोन घ्या: ओला केला की मानेला गारवा, कोरडा असला की वाळूच्या वाऱ्यात तोंडाला. माणशी दिवसाला तीन लिटर पाणी धरा.

पावसाचा अंदाज बघायला विसरू नका. वाळवंटात पाऊस क्वचित पडतो, पण खडकात मुरत नाही, सगळं पाणी घळीत धावतं. 1963मध्ये सीकमध्ये आलेल्या पुरात पर्यटक वाहून गेले होते. सीक बंद केली असं सांगितलं की निमूट बाहेर यायचं; तिकिटाचे पैसे नंतर बघू.

वादी रमच्या गावापुढे आपली गाडी जात नाही, पुढचा प्रवास बदू या वाळवंटी जमातीच्या लोकांच्या उघड्या जीपमधून. चाकांची मोठी बॅग गावात ठेवा आणि रात्रीपुरते कपडे, औषधं, बॅटरी कापडी पिशवीत भरा. फोन आणि कॅमेरा चेनच्या प्लास्टिक पिशव्यांत, आणि लेन्स तंबूत शिरल्यावरच बदला.