कुपा वर आला की: लुअरने पकडायची रीत

कुपा (टूना) लुअरने, म्हणजे नकली आमिषाने, पकडायचा तर ठाण्याच्या खाडीत तो मिळत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. वाशी-ऐरोलीच्या पुलाखालचं पाणी उथळ, गाळाचं आणि निमखारं. तिथे बोई, शिंगाळा, नशीब जोरावर असेल तर जिताडा. कुपा नजरेने शिकार करतो, त्याला नितळ पाणी लागतं. त्यासाठी कुलाब्याच्या टोकाजवळच्या प्रॉंग्ज दीपगृहाच्या पलीकडे, पाण्याचा मातकट रंग हिरव्या-निळ्याकडे वळतो तिथवर जावं लागतं. दिवाळे कोळीवाड्यातून निघालात तर अटल सेतूखालून, घारापुरी बाजूला टाकून नुसत्या दीपगृहापर्यंतच तीसेक किलोमीटर होतात. सहा-सात नॉटने चालणाऱ्या होडीला अडीच तास. नवी मुंबईकरांना त्यापेक्षा उरणजवळच्या करंजाहून निघणं सोयीचं.

जून-जुलै मासेमारीबंदीचे. नारळी पौर्णिमेनंतरही पाणी निवळायला वेळ लागतो, म्हणून ऑक्टोबरपासूनचे महिने धरा. तिथी पाहून दिवस ठरवा. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरती-ओहोटीची ओढ जोरात असते आणि गाळ लांबवर पसरतो. अष्टमीच्या आसपास, भांगाला (भरती-ओहोटीचा जोर कमी असतो तेव्हा), पाणी स्वच्छ राहतं आणि नितळ पट्टा किनाऱ्याच्या थोडा जवळ सरकतो. पहाटेच निघा. सकाळचा मतलई (जमिनीकडून येणारा) वारा समुद्र फारसा खवळवत नाही. दुपारी वायव्येचा वारा सुटला की लाटांत पाण्यावरची खळबळ दिसेनाशी होते.

सामान फार लागत नाही, पण मापं चुकवू नका. दोन ते पाच किलोच्या कुप्यासाठी सात ते साडेसात फुटांचा, २० ते ६० ग्रॅम फेकणारा स्पिनिंग रॉड. रील ५००० किंवा ६००० आकाराचं, एका फेऱ्यात मीटरभर दोर गुंडाळणारं. त्यावर ३० पौंडी ब्रेड (३० पौंड ताण सोसणारा विणलेला दोर), किमान २५० मीटर, कारण पहिल्याच धावेत मासा ८०-१०० मीटर सहज घेऊन जातो. पुढे दीड-दोन मीटर ४० पौंडी फ्लुरोकार्बन लीडर, म्हणजे लुअरआधीचा पारदर्शक दोर. ब्रेड आणि लीडर एफजी गाठीने जोडा: लीडर ताणून धरायचा, ब्रेडचे वीसेक वेढे आलटून पालटून घालायचे, थुंकीने ओले करून हातमोजे घालून घट्ट ओढायचे. ओढल्यावर वेढे लीडरवर चावून बसले आणि ब्रेडचा रंग गडद झाला तर गाठ बसली. वेढे सरकत असतील तर तिथेच कापून पुन्हा बांधा. गाठ घरी बांधून या. हलत्या होडीत ती नीट बसत नाही.

ड्रॅग, म्हणजे किती ताणाला रील दोर सोडेल ते, अंदाजाने लावू नका. साधा स्प्रिंगकाटा दोराला अडकवून ओढा आणि चार किलोला दोर सुटेल असा बसवा. ३० पौंड म्हणजे साडेतेरा किलो, त्याच्या तीस टक्क्यांच्या जवळपास हे बसतं. मासा लागल्यावर घाबरून ड्रॅग आवळला की दोर तुटतो, नाहीतर गळ सरळ होतो.

लुअरमध्ये ३० ग्रॅमची जिग (माशाच्या आकाराचा धातूचा तुकडा) सर्वांत कामाची. लांब जाते, वाऱ्याला फारशी दाद देत नाही आणि आकाराने लहान, सहा-सात सेंटिमीटरची मिळते. इथेच बहुतेकांचं चुकतं. मोठा मासा म्हणून मोठी लुअर घेतात, आणि खाली चार-पाच किलोचे कुपे नखाएवढ्या पिल्लांवर तुटून पडलेले असतात. तेव्हा ते दुसऱ्या कशाकडे ढुंकूनही बघत नाहीत. पहिला मासा वर आला की त्याने ओकलेलं किंवा तोंडात अडकलेलं खाद्य पाहा आणि तेवढीच लुअर लावा. तारली असेल तर दहा-बारा सेंटिमीटरचा बुडणारा स्टिकबेट (कांडीसारखी लांबट लुअर) चालेल. पॉपर (पाण्यावर फटके मारत येणारी लुअर) मात्र जरा डोक्यावर चढवून ठेवलेली गोष्ट आहे. पाणी खवळलेलं असताना कधी उपयोगी पडतो. शांत पाण्यात त्याच्या फटक्याने झुंड खाली जाते. ट्रेबल (तीन टोकांचे) गळ काढून २/० किंवा ३/० आकाराचे जाड सिंगल गळ लावा. ट्रेबलची बारीक तार सरळ होते, शिवाय होडीत तडफडणाऱ्या माशाच्या तोंडातला मोकळा गळ कुणाच्या तरी हातात घुसतो.

आता मुख्य काम, आणि ते निम्मं तांडेलाचं (होडी चालवणाऱ्याचं) आहे. निघण्यापूर्वीच त्याच्याशी बोलून घ्या, कारण पक्षी दिसले की होडी थेट त्यांच्यात घालायची सवय अनेकांना असते. सुरय पक्षी उंचावर घिरट्या घालत असतील तर मासा अजून खोल आहे. खाली येऊन सूर मारू लागले की मासा वर आला. पाण्यावर निवांत बसले असतील तर खेळ संपला, पण तिथून लांब जाऊ नका. बांगड्याची झुंड पाण्यावर पावसाच्या सरीसारखी बारीक थरथर उठवते. कुप्याचे फटकारे पांढरे, तुटक आणि जोरदार असतात.

शंभर मीटरवर थांबून दोन मिनिटं पाहा, झुंड कुठे सरकते ते. मग लांबून वळसा घालून तिच्या पुढच्या बाजूला, वाऱ्याच्या वरच्या अंगाला या आणि ५० मीटरवर न्यूट्रल करा. वाऱ्याने होडी आपोआप झुंडीकडे वाहत जाते आणि लुअरही वाऱ्याबरोबर लांब पडते. इंजिन बंद करून पुन्हा चालू करण्यापेक्षा मंद चालू ठेवलेलं बरं: एकसुरी आवाजापेक्षा आवाजातला अचानक बदल माशाला जास्त बिथरवतो. झुंड दुसरीकडे उठली की पुन्हा तसाच वळसा. घाईत मधून गेलात तर मासा खाली बसतो आणि सगळ्याच होड्यांचं नुकसान होतं.

लुअर झुंडीच्या मधोमध टाकू नका, तिथे दोर माशांच्या अंगाला घासतो आणि ते बुजतात. कडेच्या थोडी पलीकडे, ती सरकते त्या दिशेच्या पुढे टाका. लुअर पाण्याला टेकण्याआधीच रीलवरची दोर अडवणारी तार (बेल) हाताने बंद करा. हे केलं नाही तर सैल ब्रेडचे वेढे स्पूलवर (रीलच्या फिरकीवर) बसतात आणि पुढच्या फेकीला गुंता होतो. रॉडचं टोक खाली, आणि ताबडतोब गुंडाळा: सेकंदाला दोन फेरे, न थांबता. जिग पाण्याबाहेर उड्या मारू लागली तर वेग किंचित कमी करा. मासा मागे येतो पण घेत नाही, असं झालं तर हळू करू नका. अर्धा सेकंद थांबवून पुन्हा तोच वेग. तरीही नाही, तर पाच आकडे मोजेपर्यंत बुडू द्या आणि मग गुंडाळा, कारण मोठे मासे बऱ्याचदा झुंडीखाली असतात.

धक्का बसला की रॉडला हिसका देऊ नका. वजन भरेपर्यंत गुंडाळत राहा, मग रॉड उचला. पहिली धाव पूर्ण होऊ द्या. शेवटी कुपा होडीखाली गोल फिरू लागतो. तेव्हा त्याचं डोकं तुमच्याकडे वळेल त्या क्षणी रॉड उचलायचा, टोक खाली नेताना गुंडाळायचं, आणि पाठ वळली की नुसतं धरून ठेवायचं. रॉड डोक्यावर सरळ उभा केलात तर तो टोकाजवळ मोडतो. लीडर एकदम स्वच्छ कापला गेला तर ती सुरमई. तेव्हा लुअरआधी दहा-पंधरा सेंटिमीटर धातूची तार लावा, पण तारेने कुप्याचे चावे कमी होतात, हे गृहीत धरा.

पक्षी कुठेच नसतील तर पाच-सहा नॉटने दोन लुअर ओढत चला, एक २५ आणि दुसरी ४० मीटर मागे, इंजिनाच्या फेसाच्या कडेला. चावा आला की लगेच थांबू नका, दुसराही बऱ्याचदा लागतो. जागा जीपीएसवर टिपा. जहाजांच्या मार्गात होडी वाहू देऊ नका, तेलविहिरींच्या फलाटांपासून ५०० मीटर लांब राहा, लाइफ जॅकेट अंगावर हवं. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४, पण मोबाइलची रेंज जाते, म्हणून व्हीएचएफ (बिनतारी संच) असलेलीच होडी निवडा.

सोडायचा मासा हातात धरून बसू नका. कुप्याला श्वासासाठी पोहत राहावं लागतं, म्हणून डोकं खाली करून जोरात पाण्यात सोडा.

ठेवायचा असेल तर खरी घाई इथे आहे. लढताना त्याचं अंग तापतं, आणि तापलेल्या मांसात हिस्टामिन तयार होऊ लागतं. ते शिजवूनही जात नाही, अंगावर लाली, डोकेदुखी, उलट्या होतात. वर आल्याबरोबर डोळ्यांच्या वर मध्यभागी टोचा मारा, कल्ल्यांमागे कापून पाच मिनिटं रक्त जाऊ द्या, कल्ले-आतडी काढा. मग दोन भाग बर्फ आणि एक भाग समुद्राच्या पाण्याच्या काल्यात पूर्ण बुडवा. नुसत्या बर्फावर ठेवलेला मासा खालून गार आणि वरून कोमट राहतो. चार माशांसाठी किमान २५ किलो बर्फ आणि जाड भिंतीची पेटी न्या, आणि घरी पोचेपर्यंत त्यातलं पाणी ओतून टाकू नका.