वर्कशॉपचं पहिलं सत्र: या चुका टाळा

सयाजीराव गायकवाडांनी १८९० मध्ये बडोद्यात कलाभवन काढलं ते हातात हत्यार घेऊन शिकावं म्हणूनच. आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाची टेक्नॉलॉजी फॅकल्टी त्याच आवारात आहे, आणि मकरपुऱ्याची जीआयडीसी, म्हणजे औद्योगिक वसाहत, त्याच शहरात. तरी मॅन्युफॅक्चरिंग प्रोसेसेस या विषयात बॅचमागून बॅच त्याच चुका करते. दोष बराचसा शिकण्याच्या मांडणीत आहे. ओतकाम एका प्रकरणात, टर्निंग दुसऱ्यात, ड्रिलिंग तिसऱ्यात. जॉब, म्हणजे घडवायचा भाग, मात्र एकच. साच्याच्या वाळूत केलेली चूक लेथवर, म्हणजे जॉब फिरवून कापणाऱ्या यंत्रावर, उघडी पडते आणि बोल टर्नरला लागतो. म्हणून एकच जॉब शेवटपर्यंत बघू: बिडाचा (कास्ट आयर्नचा) फ्लँज, म्हणजे बोल्टने जोडायची चकती, तयार झाल्यावर बाहेरचा व्यास १२० मिमी, मधलं भोक ४० मिमी.

पॅटर्न, म्हणजे वाळूत साचा उठवायचा नमुना, काढतानाच निम्मी मुलं फसतात. मशिनिंगसाठी ३ मिमी ठेवायचे म्हणजे दोन्ही बाजूंना, म्हणून १२० चे १२६ होतात, १२३ नव्हे. बीड थंड होताना मीटरमागे साधारण १० मिमी आकसतं, म्हणजे आणखी एक टक्का. पॅटर्न झाला १२७.३ मिमी. भोकाचं गणित याहून फसवं आहे. आतून खरवडायचं असल्यामुळे तिथे मशिनिंगचे ६ मिमी वजा होतात: ४० चे ३४. मग हात आपोआप आकसण्याचा टक्काही वजा करतो, आणि इथेच गाडी रुळावरून उतरते. धातू आकसताना भोकही त्याच्याबरोबर लहान होतं, म्हणून आकसणं इथेही अधिकच: कोअर (भोकासाठी साच्यात ठेवायचा वाळूचा गाभा) ३४.३ मिमीचा. तोंडी परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो.

वाळूत पाणी मगाने मोजून घालू नका. एप्रिलमध्ये जितकं पाणी बरोबर बसलं तितकंच जुलैत घातलं तर साचा ओला होतो, कारण पावसाळ्यात वाळू आधीच दमट असते. ग्रीन सँडमध्ये, म्हणजे साच्याच्या ओल्या वाळूत, ओलावा ४ ते ६ टक्क्यांच्या आसपास लागतो. हातावरची परीक्षा सोपी आहे: मूठभर वाळू दाबून उघडा. बोटांचे ठसे नीट उमटले, गोळा दोन ठिकाणी धरून मोडला तर कडा स्वच्छ तुटली आणि तळहाताला ओल लागली नाही, तर चालेल. ओल जास्त तर वाफ जास्त. ठासणं जास्त झालं किंवा व्हेंट वायरने भोकं पाडायची राहिली तर त्या वाफेला वाटच उरत नाही. ठासणं कमी झालं तर भिंत फुगते आणि जॉब जाड निघतो.

छिद्र दिसलं की सगळे ‘ब्लोहोल’ लिहून मोकळे होतात. जरा भिंगातून बघा. गोल, आतून गुळगुळीत खळगा असेल तर तो वायूचा: ओलावा आणि व्हेंट तपासा. खडबडीत, दातेरी पोकळी असेल, आणि तीही फ्लँज जिथे हबला (मधल्या जाड उंचवट्याला) मिळतो त्या जाड भागात, तर ती आकसण्याची: राइजर (आकसताना लागणारा जास्तीचा धातू पुरवणारी साच्यातली जागा) लहान पडला किंवा त्या भागाच्या आधी गोठला. दुखणी दोन, औषधं वेगळी. राइजर वाढवून वायूचं छिद्र जात नाही.

आता लेथ. सुरुवातीचा सराव २५ मिमीच्या एमएस (माइल्ड स्टील) बारवर असतो. एचएसएस (हायस्पीड स्टील) टूलने कापण्याचा वेग २५ मीटर प्रति मिनिट धरला तर मिनिटाला फेरे सुमारे ३२० येतात. तोच गिअर ठेवून पुढच्या आठवड्यात १२० मिमीचा फ्लँज लावला की कडेचा वेग होतो १२० मीटर प्रति मिनिट. बिडाला एचएसएसने २० पुरे. टूलची धार मिनिटाभरात जाते आणि मुलं टूलला नावं ठेवतात. हजाराला वेगाने गुणा, पाय आणि व्यासाने भागा: या फ्लँजला ५३ फेरे येतात. मशिनवर त्याच्या जवळचा खालचा गिअर घ्या.

बिडाचा पहिला कट हलका घ्यायचा, हाही असाच एक गैरसमज. वरच्या कडक सालीत वाळूचे कण रुतलेले असतात. कट सालीतच फिरला तर टूल रेतीवर घासतं. पहिलाच कट १.५ ते २ मिमी खोल, सालीच्या खालून. कूलंट नको, बिडातलं ग्रॅफाइटच वंगणाचं काम करतं आणि पाण्यात मिसळलेली भुकटी स्लाइडवर चिखल होऊन बसते.

बारचं फेसिंग करून मधोमध बारीक बोंड उरलं तर टूलची उंची चुकली. टूलचं टोक टेलस्टॉकच्या (लेथच्या दुसऱ्या टोकाच्या आधाराच्या) सेंटरच्या टोकाला लावून बघा, खाली पत्र्याच्या पट्ट्या घाला. टूल पोस्टबाहेर (टूल धरणाऱ्या ठोकळ्याबाहेर) शँकच्या, म्हणजे टूलच्या दांड्याच्या, उंचीच्या दीडपटीपेक्षा जास्त काढू नका, नाहीतर जॉबवर लाटा उमटतात. क्रॉस स्लाइडची (टूल आडवं सरकवणाऱ्या भागाची) डायल त्रिज्या दाखवते की व्यास, ते आधी विचारून घ्या; ०.५ मिमी खोल कटाने व्यास १ मिमीने कमी होतो. डायलची रेघ ओलांडली तर तेवढंच मागे आणून भागत नाही. स्क्रूत ढिलाई असते. पूर्ण फेरा मागे जाऊन पुन्हा पुढे या. चकची (जॉब पकडणाऱ्या भागाची) किल्ली चकमध्ये सोडून हात काढायचा नाही, क्षणभरसुद्धा. लेथवर हातमोजे नकोत, सैल बाही आणि ओढणीही नको.

माप घेताना जॉब गार होऊ द्या. फ्लँज ४० अंशांनी तापला असेल तर १२० मिमीवर सुमारे ०.०५ मिमी मोठा भरतो. ०.०२ च्या व्हर्नियरला तो फरक दिसतो, आणि गार झाल्यावर जॉब कमी भरतो. जबडे मिटवून शून्य आधी बघा.

बोल्टची चार भोकं ९० मिमीच्या पीसीडीवर (भोकांच्या केंद्रांतून जाणाऱ्या वर्तुळावर) असतील तर डिव्हायडर (दोन टोकांचा कंपास) ६३.६ मिमीला उघडा. अंदाजे ६४ घेतलं तर चौथं भोक पहिल्याशी जुळत नाही. सेंटर पंच मारल्याशिवाय ड्रिल टेकवू नका. त्यांतच एम१० चे (१० मिमी बोल्टचे) आटे पाडायचे असतील तर ड्रिल ८.५ मिमीचं, आणि जॉब क्लँपमध्ये, हातात नव्हे. टॅप (आटे पाडायचं हत्यार) अर्धा फेरा पुढे, पाव मागे, म्हणजे भुकटी मोडून बाहेर पडते. अडला तर जोर न लावता उलट फिरवून काढा आणि भोक साफ करा. तुटलेला टॅप ड्रिलइतकाच कडक असतो, ड्रिलने तो निघत नाही. मग पॅटर्नपासूनची सगळी मेहनत भंगारात.