नापासांवर संशोधन करताना

शिक्षणशास्त्रात प्रबंधाचा विषय निवडायची वेळ आली की 'अपयशाची कारणे व परिणाम' हा विषय कुणीतरी हमखास उचलतं. विषय जिव्हाळ्याचा असतो, प्रश्नावलीही आठवडाभरात तयार होते. सहा महिन्यांनी निष्कर्ष हाती येतात ते असे: घरची परिस्थिती, गैरहजेरी, अभ्यासाचा कंटाळा, आत्मविश्वासाचा अभाव. हे सांगायला संशोधन कशाला हवं होतं, असं तोंडी परीक्षेत कुणी विचारलं तर उत्तर सुचत नाही. घोळ बहुतेकदा प्रश्नावलीच्याही आधी, 'नापास' कुणाला म्हणायचं हे ठरवतानाच झालेला असतो.

एका विषयात राहिलेला, त्याच वर्गात पुन्हा बसवलेला, शाळा सोडून गेलेला आणि पास होऊनही वाचता न येणारा असे हे चार वेगळे विद्यार्थी आहेत. त्यांची कारणंही वेगळी असतात. यांतला एकच घ्या आणि व्याख्या एका वाक्यात बसवा: कोणती परीक्षा, कितवा प्रयत्न, किती गुणांच्या खाली. चौघांची एकच मोट बांधली की सरासरी निघते, पण ती कुणालाच लागू पडत नाही.

मग उत्तीर्णतेच्या रेषेकडे वळा. १०० गुणांचा पेपर आहे, पास व्हायला ४० लागतात, गुणांचं प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत याचं माप) १२ आहे आणि चाचणीची विश्वसनीयता (पुन्हा घेतली तर निकाल कितपत तसाच येईल याचं माप; १ म्हणजे पूर्ण) ०.८४ आहे असं धरू. मापनातली प्रमाण त्रुटी, म्हणजे एकाच मुलाचे गुण निव्वळ योगायोगाने साधारण किती वर-खाली होऊ शकतात ते, काढायची तर १ मधून विश्वसनीयता वजा करायची, उरलेल्याचं वर्गमूळ काढायचं आणि त्याला प्रमाण विचलनाने गुणायचं. ०.१६ चं वर्गमूळ ०.४, त्याला १२ ने गुणलं की ४.८. म्हणजे ३८ आणि ४२ गुणांच्या मुलांमध्ये फरक आहे असं ही चाचणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. तुम्ही मात्र एकाला 'अपयशी' गटात टाकता, दुसऱ्याला 'यशस्वी' गटात, आणि दोघांच्या घरच्या वातावरणातला फरक शोधत बसता. म्हणून शक्य असेल तिथे पास-नापास असे दोन कप्पे करण्याऐवजी मूळ गुणच विश्लेषणाला घ्या.

गुण हाती आले की पहिलं काम म्हणजे त्यांचा स्तंभालेख काढणं. एकेका गुणाला एकेक स्तंभ ठेवा, पाच-पाचचे गट करू नका. ३७, ३८, ३९ वर खड्डा आणि ४० वर अचानक उंच खांब दिसला, तर तपासणाऱ्यांनी काठावरची मुलं वर ओढली आहेत हे उघड आहे. यात दयाबुद्धीच असते, पण तुमच्या अभ्यासाची पंचाईत होते: ३९ वर थांबलेला आणि ४० वर चढवलेला यांच्यात आता फक्त एका गुणाचा फरक उरत नाही, कुणाला वर ओढायचं या निवडीचाही फरक येतो. रेषेच्या अलीकडच्या-पलीकडच्यांची तुलना करणाऱ्या अभ्यासांसाठी जस्टिन मॅक्रेरी या संशोधकाने २००८ मध्ये रेषेजवळचा असा खड्डा-खांब ओळखायची रीतसर संख्याशास्त्रीय चाचणी मांडली. ती वापराच, पण डोळ्यांनी पाहिलेला स्तंभालेख आधी.

यादी कुठून घ्यायची, हा तितकाच महत्त्वाचा मुद्दा. वर्षाच्या सुरुवातीला पटावर ६० मुलं होती, परीक्षेला ५२ बसली, ४४ पास झाली. निकालपत्रकावरून उत्तीर्णांचं प्रमाण निघतं ८४.६ टक्के, पटावरून ७३.३ टक्के. मधल्या ८ जणांची माहिती निकालपत्रकात नसतेच, आणि तुमच्या विषयाशी सगळ्यात जवळचे विद्यार्थी तेच असण्याची शक्यता जास्त. सुरुवात नेहमी पटापासून करा आणि प्रत्येक गळालेल्या नावापुढे कारण लिहा: शाळा बदलली, आजारी होता, बसलाच नाही, माहिती मिळाली नाही. शेवटचा रकाना रिकामा ठेवण्यापेक्षा प्रामाणिकपणे भरलेला बरा.

कारणांकडे येऊ. 'तुम्ही नापास का झालात?' हा प्रश्न सरळ वाटतो, पण त्याच्या उत्तरातून कारण कळत नाही. विद्यार्थी अपयशाचं खापर कशावर फोडतो एवढंच कळतं. मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड वायनर यांच्या मांडणीत अशा कारणांच्या तीन बाजू आहेत: कारण स्वतःत आहे की बाहेर, ते कायमचं आहे की बदलणारं, आणि ते आपल्या हातात आहे की नाही. 'मी अभ्यास केला नाही' हे उत्तर फार वेळा येतं, कारण ते परवडतं; 'केला तरी जमलं नाही' म्हणण्यापेक्षा कमी लाजिरवाणं आहे. शिक्षक घराकडे बोट दाखवतात, पालक शाळेकडे. हे सगळं नोंदवा, पण 'विद्यार्थ्यांनी सांगितलेली कारणं' याच मथळ्याखाली. 'अपयशाची कारणं' या मथळ्याखाली ते घातलं की प्रबंध तिथेच घसरतो.

खरा ऐवज उत्तरपत्रिकांत असतो, आणि नवखे संशोधक तिकडेच फिरकत नाहीत. ४०२ वजा १७८ या गणिताचं उत्तर एखाद्याने ३७६ लिहिलं असेल तर त्याला 'निष्काळजी' म्हणून सोडू नका. प्रत्येक घरात तो लहान अंक मोठ्यातून वजा करतोय: ४ मधून १, ७ मधून ०, ८ मधून २. त्याचा एक नियम आहे, तो चुकीचा आहे आणि तो काटेकोरपणे पाळतोय. वजाबाकीतल्या अशा नियमबद्ध चुकांवर ब्राउन आणि बर्टन यांनी १९७८ मध्येच काम केलं होतं. ३० उत्तरपत्रिका घ्या आणि प्रत्येक प्रश्नापुढे चारपैकी एक खूण करा: बरोबर, चूक पण नियमबद्ध, चूक आणि विस्कळीत, कोरा. कोऱ्या जागा शेवटी-शेवटी वाढत असतील तर वेळ पुरला नाही हे पाहावं लागेल; त्या पेपरभर विखुरलेल्या असतील तर गोष्ट वेगळी. 'घरची परिस्थिती' या गुळगुळीत शब्दापेक्षा या खुणा कितीतरी जास्त बोलतात.

नमुन्याचा आकार सांगताना '४०० विद्यार्थी घेतले' असं अभिमानाने लिहिलं जातं. पण ते १० वर्गांतून घेतले असतील तर एका वर्गातली मुलं एकमेकांसारखी असतात: तोच शिक्षक, तोच अभ्यासक्रमाचा वेग. वर्गांतर्गत सहसंबंध, म्हणजे हे सारखेपण किती याचं माप, ०.२ असला आणि वर्गात ४० मुलं असली, तर ३९ गुणिले ०.२ अधिक १, म्हणजे ८.८ ने नमुन्याला भागायचं. ४०० मुलांचं वजन साधारण ४५ स्वतंत्र मुलांइतकंच उरलं. म्हणून एकेका वर्गातून जास्त मुलं घेण्यापेक्षा वर्गांची संख्या वाढवा.

कारण आणि परिणाम यांची गल्लत गैरहजेरीत सर्वाधिक होते. मूल गैरहजर राहिलं म्हणून नापास झालं, की पहिल्या चाचणीत आपटी खाल्ल्यावर यायचं टाळू लागलं? वर्षाची एकूण हजेरी घेऊन हे कधीच कळणार नाही. हजेरीपट महिनावार उतरवा आणि त्यावर चाचण्यांच्या तारखा मांडा.

परिणामांत त्याच वर्गात पुन्हा बसवण्याचा प्रश्न सगळ्यात जास्त अभ्यासला गेलाय, आणि तिथे तुलना कुणाशी केली यावर उत्तर फिरतं. चौथीत पुन्हा बसवलेल्या मुलाची तुलना चौथीतल्या नव्या मुलांशी केली तर तो बरा दिसतो. एक वर्षाने मोठा आहे आणि तोच अभ्यासक्रम दुसऱ्यांदा शिकतोय, दिसणारच. समवयस्कांशी, म्हणजे तेवढेच गुण असूनही पाचवीत गेलेल्यांशी तुलना केली की चित्र बदलू शकतं. तुमची तुलना कोणती, हे पहिल्याच पानावर लिहा. होम्स या संशोधकाने १९८९ मध्ये पुन्हा बसवण्यावरचे ६३ अभ्यास एकत्र पाहिले. त्यांतल्या ५४ अभ्यासांत परिणाम प्रतिकूल होता. पण पुन्हा बसवलेली मुलं मुळातच वेगळी असतात, हा आक्षेप अशा अभ्यासांवर राहतोच. जेकब आणि लेफग्रेन या संशोधकांनी शिकागोतल्या शाळांत उत्तीर्णतेच्या रेषेच्या दोन्ही बाजूंच्या मुलांची तुलना केली. त्यांच्या २००९ च्या निष्कर्षात सहावीत थांबवल्याचा शाळा सोडण्यावर ठळक परिणाम दिसला नाही. आठवीत थांबवल्याने मात्र शाळा सोडण्याची शक्यता वाढली. 'नापास केल्याने नुकसान होतं का?' याचं एकच उत्तर शोधणाऱ्याने हा फरक समोर ठेवावा.

आणखी एक सापळा. सर्वांत कमी गुणांची मुलं निवडून त्यांना जादा तास दिले आणि पुन्हा चाचणी घेतली, तर गुण वाढतातच. काही वाढ तासांशिवायही झाली असती, कारण पहिल्या वेळी तळाला गेलेल्यांत त्या दिवशी नशीब फिरलेलेही असतात. तितकेच कमी गुण असलेला, पण तास न दिलेला गट नसेल तर तासांचा परिणाम वेगळा काढता येत नाही.

मुलाखती निकालाच्या आठवड्यात घेऊ नका. पालकांची संमती घ्या आणि मुलाचीही वेगळी घ्या; 'मध्येच थांबलो तरी चालेल' हे त्याला तोंडी सांगा. 'नापास' हा शब्द आपण आधी काढायचा नाही, तो कोणता शब्द वापरतो ते ऐकायचं आणि तोच पुढे चालवायचा. मुलाखत शिक्षकांच्या खोलीत नको. मूल रडू लागलं तर कुणाकडे न्यायचं, ते नाव आधीच ठरलेलं हवं. ध्वनिमुद्रणावर नावाऐवजी क्रमांक ठेवा, नाव-क्रमांकाची यादी वेगळ्या ठिकाणी कुलपात. अहवालात एखाद्या गटात पाचांपेक्षा कमी मुलं असतील तर तो गट शेजारच्या गटात मिसळा. नाहीतर 'मुली, दोन विषयांत नापास, संख्या १' असा तक्ता छापला की ती कोण हे सगळ्या वर्गाला कळतं.