विद्यापीठात सेफ्टी ऑफिसर होताय? आधी नेमणुकीचा आदेश वाचा

सेफ्टीचा डिप्लोमा झालेल्यांना कायदा पाठ असतो. विद्यापीठात तो फारसा पाठीशी उभा राहत नाही. कारखाने अधिनियम 1948 च्या कलम 40-ब ने हजार कामगारांच्या कारखान्याला सुरक्षा अधिकारी सक्तीचा केला होता. त्याची जागा घेणाऱ्या 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेतही ती सक्ती कारखाने, बांधकामं आणि खाणींपुरतीच आहे. विद्यापीठ यात बसत नाही. रात्री दहाला एकटा हायड्रोजन सिलिंडर उघडणारा पीएचडीचा विद्यार्थी तर कुणाच्या मस्टरवरही नसतो. तेव्हा तुमचा सगळा अधिकार येतो तो नेमणुकीच्या आदेशातून.

सापळा तिथेच आहे. ‘मूळ कामकाज सांभाळून सुरक्षा अधिकारी म्हणून जबाबदारी सोपवण्यात येत आहे.’ माझ्या आदेशात एवढंच होतं. जबाबदारी आली, पण प्रयोगशाळा बंद करण्याचा अधिकार नाही, कुलसचिवांकडे थेट टिपणी पाठवायची मुभा नाही, पैसा तर नाहीच. फ्यूम हूडचा, म्हणजे विषारी वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटाचा, पंखा बंद आहे असं लिहिलं की टिपणी विभागप्रमुखांकडे जायची, म्हणजे ज्या विभागाबद्दल तक्रार त्याच विभागात, आणि ‘निधी उपलब्ध झाल्यावर’ असा शेरा घेऊन परत यायची. पॅसेजमध्ये मात्र कुलगुरूंच्या सहीचं सुरक्षा धोरण फ्रेम करून लावलेलं. त्या फ्रेमवरून संस्थेची पारख करू नका. ‘तुम्ही करा हो, आम्ही आहोत’ यावरही नाही. धोका दिसला तर काम थांबवण्याचा अधिकार आणि कुलसचिवांकडे थेट टिपणी, हे रुजू होतानाच लेखी घ्या. नंतर मिळत नाही.

दुसरी मागणी निर्लेखन समितीत, म्हणजे जुनी उपकरणं भंगारात काढायला मंजुरी देणाऱ्या समितीत, जागेची. ही विचित्र वाटेल, पण मी यावर अडून बसते. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात किरणोत्सारी कोबाल्ट-60 असलेला गॅमा सेल, म्हणजे प्रयोगासाठी नमुन्यांवर किरणांचा मारा करणारं यंत्र, 1985 पासून पडून होता. फेब्रुवारी 2010 मध्ये तो लिलावात भंगारवाल्याकडे गेला, मायापुरीच्या बाजारात सुटा केला गेला, अनेकांना किरणोत्साराची बाधा झाली आणि एप्रिलमध्ये एक कामगार दगावला. आपल्याकडच्या डेडस्टॉक रजिस्टरात, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, वस्तूचं नाव, किंमत, खरेदीची तारीख असते. आत काय आहे याला रकाना नसतो. तो घालून घ्या, आणि तुमच्या सहीशिवाय एकही उपकरण गेटबाहेर जाणार नाही असं परिपत्रक काढायला लावा.

कामाच्या जागेच्या सुरक्षेचं आंतरराष्ट्रीय मानक असलेल्या आयएसओ 45001 च्या पाच दिवसांच्या ऑनलाइन ऑडिटर कोर्सवर पैसे घालवू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. मुलाखतीत तो चालेल. साखळीने न बांधलेला सिलिंडर त्याने दिसत नाही. सल्लागारांपेक्षा विभागातल्या जुन्या प्रयोगशाळा परिचरांना गुरू करा. कुठल्या कपाटात किती वर्षांची ईथरची बाटली आहे हे त्यांनाच ठाऊक असतं. अशी बाटली सापडली तर झाकणाला हात लावायचा नाही. आत पेरॉक्साइड साचलेले असतात, नुसतं झाकण फिरवल्यानेही स्फोट होऊ शकतो.

हे वाचून धीर सोडू नका. अधिकार अपुरा असला तरी काम पुढे सरकतं. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम 2006 नुसार जानेवारी आणि जुलैत आगीपासून बचावाची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं नमुना ‘ब’ प्रमाणपत्र द्यावंच लागतं. प्रशासन ही फाइल अडवत नाही. सामान रचून बंद झालेला जिना, तुटलेलं अलार्म पॅनल, सगळं त्याच फाइलला जोडा. माझी बरीच कामं अशीच झाली.

पैशाचं मात्र वेळेत बघा. अर्थसंकल्प अधिसभेत मार्चमध्ये येतो, म्हणून फ्यूम हूडच्या वार्षिक देखभालीची मागणी दिवाळी झाली की वित्त व लेखा अधिकाऱ्यांकडे द्या, आणि ‘सुरक्षा’ असं वेगळं लेखाशीर्ष मागा. विभागाच्या आकस्मिक खर्चात ही रक्कम मिसळली की ग्लासवेअरच्या बिलांत संपून जाते.