चिनी नक्षीची जुनी युरोपीय पोर्सिलेन: या चुका टाळा

पॅगोडा, छत्री धरलेला चिनी माणूस, लांब शेपटीचे पक्षी दिसले की लोक कप उलटा करून थेट तळावरची कारखान्याची खूण शोधतात. सर्वाधिक फसगत इथेच होते. खूण शेवटी पाहावी.

जर्मनीतल्या माइसेनचा पोर्सिलेन कारखाना 1710 साली सुरू झाला. 1720 मध्ये व्हिएन्नाहून आलेल्या हेरोल्ट या चित्रकाराने तिथे काल्पनिक चिनी दृश्यांना बहर आणला. त्या मालावरच्या एकमेकींना छेदणाऱ्या दोन निळ्या तलवारींची खूण पुढे अनेकांनी उचलली. ‘एआर’ (ऑगस्टस रेक्स, म्हणजे राजा ऑगस्टस) ही राजखूणही तशीच: एकोणिसाव्या शतकात ड्रेस्डेनच्या हेलेना वोल्फसोनच्या कार्यशाळेने ती सर्रास वापरली. अस्सल तलवारी बहुधा झिलईखाली असतात, त्यामुळे नखाला उंचवटा लागत नाही. पण नकली खूणही झिलईखाली असू शकते, म्हणून एवढ्यावर भागत नाही. तलवारींवर खरवडलेली रेघ असेल, तर तो तुकडा कारखान्याने दुय्यम ठरवलेला किंवा न रंगवता बाहेर विकलेला असण्याची शक्यता धरा. विक्रेते हे सहसा सांगत नाहीत.

खुणेआधी अंग, म्हणजे झिलईखालची भाजलेली माती, पाहा. माइसेनचे अंग कठीण: टवका उडालेल्या जागी काचेसारखा गुळगुळीत भंग दिसतो, झिलई आणि अंग एकजीव वाटतात. चेल्सी आणि बो हे इंग्लिश कारखाने आणि फ्रान्सचा शांतिली यांचे अंग मऊ: भंग साखरेसारखा दाणेदार, आणि त्यात मळ मुरतो. पॅरिसच्या सॅमसन या नकला करणाऱ्या कारखान्याने इंग्लिश मऊ पोर्सिलेनच्या नकला कठीण अंगात केल्या; म्हणून अठराव्या शतकातील ‘चेल्सी’चा भंग काचेसारखा निघाला, तर सौदा थांबवा. ही परीक्षा आधीच उडालेल्या टवक्यावर करायची. कडेवर कानस घासून पाहण्याची जुनी खोड सोडा, तेवढ्यानेच वस्तूची किंमत उतरते.

हिरवट किंवा नारिंगी झाक पाहायला अंधारात टॉर्च मागून धरा: वुस्टर या इंग्लिश कारखान्याच्या मालातून प्रकाश बहुधा हिरवट येतो, कॉगली या दुसऱ्या इंग्लिश कारखान्याच्या मालातून नारिंगीकडे झुकलेला. जाड भाग अपारदर्शक राहिला म्हणून लगेच नकली ठरवू नका.

विलोचे झाड, पूल आणि पक्षी असलेली निळी विलो नक्षीही चीनची नव्हे, अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये घडलेली. मुंबईच्या चोरबाजारात दिसणाऱ्या तशा निळ्या बशा बहुतेक साध्या मातीच्या असतात, पोर्सिलेनच्या नव्हेत. या नक्षीसोबत सांगितली जाणारी प्रेमकथाही नंतर जोडलेली.

दुरुस्ती लपवलेली असते. 365 नॅनोमीटरचा यूव्ही टॉर्च अंधारात फिरवा. नंतर चढवलेला रंग किंवा डिंक आजूबाजूपेक्षा वेगळा चमकतो, कधी मळकट दिसतो. दांडी, तोटी, झाकणाचा बोंड आणि कड आधी तपासा.

धुताना प्लास्टिकच्या टबात तळाशी टॉवेल, कोमट पाणी, सौम्य साबणाचे दोन थेंब. डिशवॉशर नको, सोन्याचा मुलामा आणि झिलईवरचे रंग तिथेच जातात. तुटलेले तुकडे धातूच्या टाक्यांनी जोडलेली बशी बुडवू नका: टाक्याभोवतीचे भरण भिजते, लोखंड गंजते. मऊ अंगावरच्या बारीक भेगांतले चहाचे डाग क्लोरिन ब्लीचने काढले, तर क्षार आत राहतात, वाळताना फुलतात आणि झिलई सोलून निघते. डाग राहू द्या किंवा संवर्धकाकडे द्या.

भिंतीवर लावण्यासाठी स्प्रिंगची तारही नको. ताणाने कड खरचटते, जुना तडा लांबतो. उभे ठेवायचे तर रबरी टोकांचा रुंद स्टँड घ्या.