फळ्यावरचा दिनविशेष कसा लिहावा? उदाहरणाला १२ जानेवारी

आमच्या वाचनालयाच्या दाराशी एक काळा फळा आहे. त्यावर रोजचा दिनविशेष लिहायचं काम गेली काही वर्षं माझ्याकडे आहे. आधी वाटलं होतं, पाच मिनिटांचं तर काम. मोबाइल उघडायचा, पाच ओळी उतरवायच्या, हात झटकायचे. मग एके सकाळी मी एका हयात आणि चांगल्या ठणठणीत गायकाची ‘जयंती’ फळ्यावर लिहिली. पेपर वाचायला येणाऱ्या एका आजोबांनी चकार शब्द न काढता डस्टर माझ्या हातात दिलं. त्यानंतर हळूहळू जी पद्धत बसली, ती इथे सांगतो. शाळेच्या परिपाठाला, सोसायटीच्या सूचनाफलकाला किंवा घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपलाही ती चालेल. उदाहरणाला १२ जानेवारी घेऊ, कारण वरवर सोपा वाटणारा हा दिवस खरं म्हणजे बराच अवघड आहे.

आठ दिवस आधी कच्ची यादी करा

या पायरीला निवड करायची नाही, मिळेल ते टिपायचं. फक्त प्रत्येक नोंदीपुढे ती कुठून घेतली हे लिहा. माझ्या वहीत १२ जानेवारीच्या पानावर असं जमलं होतं: १५९८, सिंदखेडराजाला जिजाऊंचा जन्म. १७०८, साताऱ्यात शाहू महाराजांचा राज्याभिषेक. १८६३, कोलकात्यात विवेकानंदांचा जन्म. १९०७, सोव्हिएत अग्निबाणांचे शिल्पकार सर्गेई कोरोलेव्ह यांचा जन्म. १९३१, सोलापूरच्या चार जणांना येरवड्यात फाशी. १९३४, चितगावात सूर्य सेन यांना फाशी. १९४८, गांधीजींचं शेवटचं उपोषण. १९९२, देवासला कुमार गंधर्वांचं निधन. २०१०, हैतीचा भूकंप.

फळ्यावर मावतात जेमतेम चार नोंदी. पण निवडीच्या आधी तपासणी, कारण खरी गंमत तिथेच आहे.

मग प्रत्येक तारखेची उलटतपासणी करा

पहिला प्रश्न: त्या दिवशी नेमकं काय झालं? उपोषणाची नोंद मला ‘सुरू झालं’ अशी मिळाली होती. प्रत्यक्षात १२ जानेवारी १९४८ ला दिल्लीच्या प्रार्थनासभेत ते जाहीर झालं आणि सुरू झालं १३ तारखेला. एका क्रियापदाने तारीख चुकते. नोंद ठेवायची असेल तर ‘जाहीर’ लिहा, नाहीतर ती १३ च्या पानावर ढकला.

दुसरा प्रश्न: ही तारीख कुठल्या कॅलेंडरची? युरोपातल्या कॅथलिक देशांनी १५८२ मध्ये जुनी ज्युलियन गणना सोडून ग्रेगोरियन घेतली. इंग्रजांनी मात्र थेट १७५२ मध्ये. त्या वर्षी त्यांच्याकडे २ सप्टेंबरनंतरचा दिवस १४ सप्टेंबर होता! आपल्याकडे शिवकाळातल्या बऱ्याच इंग्रजी तारखा जुन्या गणनेने दिल्या जातात. जिजाऊंची जन्मतिथी पौष पौर्णिमा, शके १५१९ अशी सांगतात. चंद्राचा हिशेब मागे नेला, तर ती पौर्णिमा जुन्या गणनेच्या १२ जानेवारीला पडते. आजच्या गणनेने तो दिवस २२ जानेवारी येतो. मग फळ्यावर काय लिहायचं? १२ च लिहा. जयंती त्याच दिवशी साजरी होते, सिंदखेडराजाला लोक त्याच दिवशी लोटतात. मात्र कुणी तिथीने करतो म्हणालं, तर त्याच्याशी वाद घालायला जाऊ नका, त्याचंही बरोबर आहे.

कोरोलेव्ह यांचं प्रकरण नेमकं उलट. रशियात तेव्हा जुनंच कॅलेंडर चालू होतं आणि त्यानुसार ते ३० डिसेंबर १९०६ ला जन्मले. १२ जानेवारी १९०७ ही नव्या गणनेची तारीख. म्हणजे माणूस एकच, पण जन्मवर्षं दोन. त्यामुळे दोन ठिकाणी दोन वर्षं दिसली, तर लगेच कुणाला तरी चूक ठरवू नका.

शके हातात असेल तर एक घरगुती ताळा करता येतो. शकाचं वर्ष चैत्रात सुरू होतं. म्हणून चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या घटनेसाठी शकात ७८ मिळवायचे आणि जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९. पौष शके १५१९ अधिक ७९, झाले १५९८. शिवजन्म फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१, म्हणजे १६३०. राज्याभिषेक ज्येष्ठ शके १५९६, तिथे ७८ मिळवा, १६७४. ताळा जुळला नाही, तर नोंद बाजूला ठेवायची. अडतो तो पौष, कारण तो कधी डिसेंबरात सुरू होतो, तर कधी जानेवारीत.

तिसरा प्रश्न: तारीख कुठल्या घड्याळाची? हैतीत भूकंप झाला तो तिथल्या १२ जानेवारीच्या संध्याकाळी पाचच्या सुमाराला. आपल्याकडे तेव्हा १३ तारखेचे पहाटेचे साडेतीन वाजत आले होते. घटना जिथली, तारीख तिथली, एवढा नियम पुरतो.

आता जरा विषयांतर. विवेकानंदांचा जन्म मकर संक्रांतीचा, हे त्यांच्या चरित्रात वाचायला मिळतं. म्हणजे १८६३ साली संक्रांत १२ जानेवारीला होती. संक्रांत शतकागणिक पुढे सरकते. मग त्याआधी १०२ वर्षं, १७६१ मध्ये, ती १४ तारखेला कशी असेल? पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ला, पौष शुद्ध अष्टमीला झाली, हे पक्कं आहे. पण ‘ऐन संक्रांतीच्या दिवशी’ हे शब्द मी फळ्यावरून कायमचे पुसले, कारण त्या वर्षीची संक्रांत तीन-चार दिवस आधीच होऊन गेली होती. मराठी माणसावर ‘संक्रांत आली’ हा वाक्प्रचार इथे इतका चपखल बसतो, की तारखेकडे कुणी बघतच नाही.

पडताळणीला मराठी विश्वकोश उघडा, तो ऑनलाइन फुकट वाचता येतो. शिवाय एखादं चरित्र किंवा त्या वेळचं वर्तमानपत्र बघा. फॉरवर्ड झालेले दहा संदेश म्हणजे दहा पुरावे नव्हेत. बहुतेक वेळा ते एकाच ठिकाणाहून उचललेले असतात, शुद्धलेखनाच्या चुकांसकट.

निवडताना ओळखीचं एक, विसरलेलं एक

जिजाऊ आणि विवेकानंद हवेतच. १९८५ पासून हा दिवस राष्ट्रीय युवा दिन म्हणून पाळतात, तेही त्याच ओळीत बसतं. पण फळ्यासमोर माणूस थांबतो तो माहीत नसलेल्या ओळीपाशी. माझ्या मते १२ जानेवारीला ती ओळ सोलापूरची. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटलं आणि इंग्रजांनी शहरात लष्करी कायदा लावला. त्या प्रकरणात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवडा तुरुंगात फाशी दिली गेली. सोलापुरात त्यांचे पुतळे आहेत, पण जिल्ह्याबाहेर ही चार नावं एका दमात सांगणारा क्वचितच भेटतो. जागा कमी पडली तर मी कोरोलेव्हना वगळतो, या चौघांना नाही. आणि चौघांचीही नावं लिहा, ‘इत्यादी’ नको.

चौथी ओळ कुमार गंधर्वांची. संध्याकाळी त्यांचं एखादं निर्गुणी भजन लावलं, तर फळा ऐकूही येतो.

ओळ लिहिताना

नुसतं ‘स्वामी विवेकानंद जयंती’ लिहून भागत नाही. साल, गाव आणि एक कृती, एवढं तरी द्या. जयंती दिवंगतांची, हयात माणसाचा वाढदिवस (हे मी कुणाकडून शिकलो ते वर आलंच आहे). पुण्यतिथी हा शब्द तारखेलाही रूढ झाला असला, तरी तारखेने लिहिताना मला स्मृतिदिन बरा वाटतो. फाशी झालेल्या माणसाचं ‘निधन’ लिहू नका, ‘फाशी’च लिहा.

वही जपून ठेवा

फळा रात्री पुसला जातो, वही राहते. दर तारखेला एक पान द्या आणि चूक सापडली की तिथेच लाल पेनाने दुरुस्त करा, म्हणजे पुढच्या वर्षी तीच चूक परत फळ्यावर चढत नाही. पानं मोजून ३६६ घ्या. मी पहिल्या वर्षी ३६५ घेतली आणि २९ फेब्रुवारीला मोरारजी देसाईंना जागाच उरली नाही. ते १८९६ चे. १९०० हे लीप वर्ष नव्हतं, त्यामुळे त्यांना पहिला खरा वाढदिवस मिळाला तो थेट आठव्या वर्षी, १९०४ मध्ये. ही ओळ फळ्यावर लिहायला मलाही लीप वर्षाची वाट बघावी लागते.